तुला न दिसलेली अकरा मिनिटं

काळेवाडी,
रविवार

प्रिय विजूताई,

बारा दिवस हे पत्र टाळलं. वही पहिल्याच दिवशी आणली होती. तिची चार पानं मालोजीनं वडापाव गुंडाळायला फाडली, दोन पानांवर मीच खांबाची आणि क्लॅम्पची चित्रं काढून ठेवली, आणि एकदा तर 'प्रिय विजूताई' एवढं लिहून चहाला खाली उतरलो तो थेट मोशीला एका सोसायटीत कॅमेरे बसवून परत आलो. तुला माझी सवय माहीत आहे. फोनवर बोललो असतो, पण तू मला ब्लॉक केलंस. मालोजीच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. नवनाथभाऊजींचा तेवढा निरोप आला, 'ती बोलायच्या मनःस्थितीत नाही, थोडे दिवस जाऊ दे.' यात्रेच्या दिवशी तू पाठवलेला शेवटचा शब्द माझ्या फोनवर अजून तसाच आहे. 'कळलं.' ताई, तुला जे कळलं ते चुकीचं आहे. घाटावरचं लाईव्ह चित्र अप्पांनी बंद पाडलं नाही. घरातल्या कुणी त्याला हातही लावला नाही. ते कसं बंद पडलं हे सांगायचं तर आधी गाडीचं सांगावं लागेल, आणि गाडीचं सांगायला बसलो की मी भरकटणार, तेव्हा जरा दमानं वाच.

गाडी मालोजीची. तोच तो, माझ्या खोलीतला भागीदार, पांढरी पिकअप चालवतो, दिवसभर चाकणच्या कंपन्यांचे पुठ्ठ्याचे खोके वाहतो. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी हौस म्हणून चाकणच्या पुढच्या एका गावच्या यात्रेत बैलगाडे लाईव्ह दाखवायचं काम घेतलं होतं. पार इज्जत गेली. घाटावर वीस हजार माणसं, प्रत्येकाच्या खिशात फोन, आणि टॉवर एकच. सकाळी नऊला सगळं मस्त, अकरा वाजता पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. तुला सांगायला नको, बैलगाडा म्हणजे बारा-तेरा सेकंदांचा खेळ. चार बैल घाटाच्या, म्हणजे चढाच्या, रस्त्यानं सुटतात, वर गाडीवान नाही, डोळा लवेपर्यंत वरती. तेवढ्यात चक्र फिरलं तर बघणाऱ्यानं बघायचं काय? यात्रा कमिटीचे अध्यक्ष मला सगळ्यांसमोर म्हणाले, 'भावा, आम्ही बैल पळवतो, तू गोल गोल फिरवतोस.' ते मला लई लागलं. वर्षभर डोक्यात तेच. आयटीआय मी अर्धी सोडली, डिलिव्हरी सोडली, क्रेनवरचं काम सोडलं, हे मात्र सुटेना.

तोडगा असा की टॉवरच्या वाटेला जायचंच नाही. आपल्या गाडीवर लांब पल्ल्याची डिश बसवायची, आणि तिच्यासमोर दुसरी डिश अशा ठिकाणी, जिथं पक्कं इंटरनेट आहे आणि मध्ये काही आडवं येत नाही. दोघींनी एकमेकींकडे नीट तोंड करून बसायचं, की झालं. मग घाटावर किती का गर्दी असेना, आपली लाईन आपली. आता अशी उंच जागा कुठली? चारमजली, वर टाकी, भाडेकरूंसाठी फायबर आलेलं, आणि तिथून पार घाटाच्या टेकडीपर्यंत नजर मोकळी. बरोबर ओळखलंस. आपल्याच घराची टाकी. आठ किलोमीटर. तुला हे मी आधी सांगितलं नव्हतं, कारण तुला अवघडल्यासारखं झालं असतं. पण त्या दिवशी वाळूजला बसून तू जे बघत होतीस ते आपल्या गच्चीवरून तुझ्याकडे येत होतं. आईनं परवानगी दिली. म्हणाली, 'लाव बाबा, पर त्यास्नी काय सांगू?' मी म्हटलं, टीव्हीची छत्री सांग. अप्पांनी वर एकदा बघितलं, म्हणाले, 'लईच मोठी छत्री हाय', आणि गोठ्याकडे गेले.

गाडीवर बसवायचं काम मात्र खरंच शिकण्यासारखं निघालं. नुसता खांब उभा करून भागत नाही. पिकअप म्हणजे स्प्रिंगच्या पाट्यांवरची गाडी, माणूस चढला की हलते, आणि गाडी हलली की डिश हलते. इथं बोटभर फिरली तर तिकडं आठ किलोमीटरवर ती आपली टाकी सोडून भलत्याच आळीला जाऊन बघते. कुदळवाडीतून उठलेला एक भंगारवाला आता मोशीच्या पुढं बसतो, त्याच्याकडून प्रेसच्या जुन्या डायची जाड पाटी मिळाली. ती केबिनच्या मागं हौद्यात बोल्टनं बसवली, तिच्यावर दोन इंची पाइप, त्याला दोन क्लॅम्प आणि तीन बाजूंनी तारेचे ताण. मागच्या दोन्ही चाकांजवळ चासीखाली जॅक, म्हणजे गाडी पाट्यांवर न राहता जॅकवर बसते आणि दगडासारखी गप्प राहते. ही जॅकची अक्कल माझी स्वतःची, कुठं बघितलेली नाही. पहिली चाचणी निगडीच्या दुर्गा टेकडीवर घेतली. पहाटे फिरायला आलेले सगळे रिटायर काका भोवती जमले, एकानं विचारलं, 'हवामान खातं का?' मालोजी म्हणाला, 'हो, संध्याकाळी गावाकडून फोनवर माझ्या बायकोचा पारा किती चढेल ते यात दिसतं.' मी केसभर केसभर डिश आपल्या टाकीकडे फिरवत होतो आणि लॅपटॉपवर सिग्नलचा आकडा बघत होतो. वजा त्र्याऐंशीवरून वजा एकसष्ट. तू म्हणशील, हे काय मार्क झाले का? ताई, यात शून्याकडे जाईल तेवढं चांगलं. मला आयुष्यात पहिल्यांदा चांगले मार्क पडले आणि तेही वजात.

हे सगळं मी कुणासाठी करत होतो ते तुला ठाऊक आहे. कमिटीसाठी करत होतो हे खरं, पण तेवढंच नाही. अप्पांचा गाडा चार वर्षांनी घाटात उतरणार होता आणि पुढच्या जोडीत वजीर. तू घर सोडलंस तेव्हा तो पाडा होता, वासरूच, तुझ्या हातची कणीक खाल्ल्याशिवाय उठायचा नाही. तू गेल्यावर पंधरा दिवस त्यानं मला जवळ येऊ दिलं नाही. त्या दिवसांबद्दल आपण दोघं कधीच बोललो नाही. नवनाथभाऊजी आपले भाडेकरू, जालन्याकडून आलेले, दुसऱ्या मजल्यावर सहा जणांत राहायचे, सेकंड शिफ्टला जायचे. तुमचं कळलं त्या संध्याकाळी अप्पा एक शब्द बोलले नाहीत. जिन्याखाली गेले आणि त्या खोलीसकट सगळ्या इमारतीचा मेन स्विच पाडला. आपल्याकडे घरमालकाचं बोलणं तेवढंच असतं. तू अंधारातच बॅग भरलीस. मी टॉर्च धरली होती, आणि तेवढंच केलं, याची मला आजही लाज वाटते. त्यानंतर घरात तुझं नाव निघालं नाही. म्हणून यात्रेत चित्र मध्येच गेल्यावर तुला पहिला तोच स्विच आठवला असणार. मी तुझ्या जागी असतो तर मलाही आठवला असता.

आता यंदाच्या यात्रेचा दिवस. सकाळी साडेसातला आम्ही घाटाच्या मधोमध बांधावर गाडी लावली, जॅक लावले, डिश फिरवली. लाईन अशी पक्की की आबुधाबीहून कुणीतरी लिहिलं, 'बैलाच्या पाठीवरची माशी दिसतेय.' गाडीवर मी पाटी लावली होती, 'वर चढू नये.' सरपंचांना उतरवलं, एका फौजदारांना हात जोडून उतरवलं. मालोजी खाली कॅमेऱ्यावर, जिथं बैल जुंपायला आणतात तिथं. मी वर हौद्यात लॅपटॉपसमोर स्टुलावर. आणि अनाऊन्सर सयाजीबुवांच्या हातात मी एक जुना फोन दिला होता, त्याच्यावर बघणाऱ्यांच्या कमेंट येत होत्या. त्यांना ते इतकं आवडलं की एका बारीनंतर दुसरी बारी लागेपर्यंत ते नुसतं वाचत सुटले. दुबईहून अमुक, जुन्नरहून तमुक, कुणाच्या मेव्हण्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा. एवढ्यात दुपारी एक जण घामाघूम होऊन आला. त्याच्या टेम्पोत दोन बैल, चाक पंक्चर, त्याचा जॅक तुटलेला. घाटावर बैलांची गाडी अडली असेल तर नाही म्हणत नाहीत, हे तुला सांगायला नको. उजवीकडचा जॅक काढून दिला आणि डिश परत जुळवून घेतली. 'दहा मिन्टात आणतो भावा' म्हणाला. अजून आणतोय.

आपल्या गाड्याची बारी त्रेचाळिसावी. आदल्या दिवशी तुला लिंक पाठवली तेव्हा तू म्हणाली होतीस की मी गुपचूप बघीन, काही लिहिणार नाही. मला पटलं होतं. पण मालोजीनं वजीरला कॅमेऱ्यात जवळून धरलं, आणि तुला दिसलं. ते तिथं उभ्या असलेल्या पन्नास माणसांना दिसलं नाही, मला दिसलं नाही, अप्पांनाही दिसलं नाही. सयाजीबुवांनी त्यांच्या त्या भसाड्या आवाजात वाचायला सुरुवात केली, 'वाळूजवरनं विजयश्री नवनाथ लिहितायत, अप्पा, वजीरची डावीकडची मोरकी डोळ्यावर आलीय, सैल करा.' आणि वर स्वतःची पुस्ती जोडली, 'अहो कोण अप्पा ते, पोरगी वाळूजवरनं ओरडतीय, हितं कुणाचं लक्ष हाय का न्हाई?' सगळा घाट हसला. फक्त आपल्या गावची माणसं हसली नाहीत. मला खालचं काही दिसेना, मध्ये माणसांची भिंत. मी काय केलं असेल? ज्यानं सरपंचाला उतरवलं, त्यानंच हौद्यातून केबिनच्या टपावर उडी मारली. उजवीकडं जॅक नव्हता. गाडी पाट्यांवर दणकन बसली, खांब क्लॅम्पमध्ये फिरला, डिशनं टाकीवरची नजर काढून घेतली. तुझं नाव वाचलं गेलं आणि पुढच्याच क्षणी तुझं चित्र गेलं. ते मी घालवलं, ताई. आणि मला ते कळलंसुद्धा नाही, कारण लॅपटॉप खाली राहिला आणि मी टपावर उभा राहून अप्पांकडे बघत होतो. अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांत जे झालं ते मी बघितलं आणि तुला बघू दिलं नाही. तेवढं आता कागदावर देतो.

अप्पा वजीरच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. हात तसाच राहिला. मालोजी सांगतो, नानासाहेब चुलते त्यांच्या कानाशी येऊन म्हणाले, 'सोपान, चल, बारी आलीया. बायकांचं काय ऐकतो.' अप्पा म्हणाले, 'थांब.' वळसा घालून वजीरच्या डाव्या बाजूला गेले आणि वाकून बघितलं. खरंच मोरकीची दोरी डोळ्याच्या कडेला रुतली होती, डोळ्यातून पाणी येत होतं. निशाणवाला ओरडायला लागला, 'सोपानराव, टाईम जातोय, बारी बाद करीन.' अप्पांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. गाठ सोडली, मोरकी कानामागं घेतली, परत बांधली, उपरण्यानं त्याचा डोळा पुसला. घाई केली नाही. मग मागं सरकले आणि हात वर केला. ताई, वजीर असा गेला की मी टपावर पाय आपटत ओरडलो. बारा सेकंद आणि वर थोडंसं. सरळ रेघेत, इकडं ना तिकडं. दोरी तशीच राहिली असती तर त्यानं डावीकडं मान टाकली असती आणि चारही बैल बांधावर गेले असते, हे मी म्हणत नाही, नंतर अप्पाच आईला म्हणाले. दिवसाच्या शेवटी दुसरा नंबर आला. पण ते नंतरचं.

बारी झाल्यावर सयाजीबुवा काही सोडेनात. माईकवरून विचारलं, 'सोपानराव, ही वाळूजची विजयश्री कोण तेवढं सांगा, घाटाला कळू द्या.' अप्पांनी उभ्या जन्मात माईक हातात धरलेला नाही. ग्रामसभेतसुद्धा ते मागं भिंतीला टेकून बसतात. ते चालत गेले आणि माईक घेतला. म्हणाले, 'माझी थोरली हाय. वजीर तिनं वाढवला.' आपली सगळी भावकी समोर होती. मग त्यांनी मालोजीला विचारलं, 'कुटं बघून बोलायचं?' मालोजीनं कॅमेऱ्याच्या काचेवर बोट ठेवलं. अप्पा त्या काचेजवळ गेले, इतके जवळ की मालोजी म्हणतो नुसती मिशीच दिसत होती, आणि बोलले, 'विजू, सोडवली बघ दोरी. डोळा बरा हाय त्याचा.' थोडा वेळ थांबले, तिकडून तू काही म्हणशील असं वाटून. मग माईक देऊन टाकला. मला तेव्हा टपावर उभ्या उभ्या इतका अभिमान वाटला. तुझा, की आठ किलोमीटर नाही, दोन-अडीचशे किलोमीटरवरून तुझी नजर चुकली नाही. त्यांचा. आणि थोडा माझाही, की हे सगळं माझ्या खांबावरून तुझ्यापर्यंत चाललंय. मग मालोजी खालून हातवारे करायला लागला. खाली उतरून बघतो तर लॅपटॉपवर लाईन मेलेली. रेकॉर्डिंगही नाही, कारण ते लाईन असेल तरच जमा होतं. परत डिश फिरवून चित्र आणलं तोवर तुझा 'कळलं' येऊन पडला होता.

आता खरं सांगतो, बारा दिवस का टाळलं. तुला तोंड दाखवायची लाज होतीच. पण अप्पांना अजून माहीत नाही की त्यांचं बोलणं तुझ्यापर्यंत गेलंच नाही. त्यांना वाटतं तू ऐकलंस. रोज संध्याकाळी गोठ्यातून आल्यावर आईला विचारतात, 'काय बोलली का ती?' आई म्हणते न्हाई, की पायरीवर जाऊन बसतात. चार वर्षांत ते एकदाच बोलले, आणि मी उडी मारली. तुला वाटतंय त्यांनी तोडलं, त्यांना वाटतंय तू उत्तर दिलं नाहीस, आणि दोन्हीकडचं खरं माहीत असलेला माणूस मी एकटा, जो चहाला जातो तो मोशीला पोचतो. फोनवर दोन वाक्यांत हे मावलं नसतं, तू पहिल्या वाक्यालाच ठेवला असतास. म्हणून पत्र. एवढंच करायचं आहे, त्यांना फोन लाव. वजीरच्या डोळ्याचं विचार, बाकी काही नको.

इथवर लिहिलं आणि खालून किराणावाल्याची हाक आली, 'निरंजन, कोण आलंय बघ.' वाकून बघतो तर अप्पा. काळेवाडीला, माझ्या खोलीवर. मी तीन वर्षं इथं राहतोय, त्यांनी जिना कधी बघितलेला नाही. पांढरं धोतर, हातात पिशवी, गल्लीतली पोरं त्यांच्या फेट्याकडं बघतायत. वर आले, खाटेवर बसले, मालोजीनं दिलेलं पाणी प्यायले. मी काही विचारायच्या आधी म्हणाले, 'तिनं कायच कळवलं न्हाई.' तेव्हा मी सगळं सांगितलं. जॅक, उडी, लाईन, सगळं. मला वाटलं आता कानफटात बसते. त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, 'म्हंजे तिला वाटलं मीच बटन दाबलं.' मी मान हलवली. ते म्हणाले, 'वाटनारच. पत्ता दे.'

ताई, तुझा पत्ता चार वर्षं मी त्यांच्यापासून लपवला, तू सांगितलं होतंस म्हणून. आज दिला. रागव. मालोजी म्हणतोय गाडीनं सोडतो, पण ते म्हणतात यष्टीनंच जाईन, दुपारची धरायची आहे, आणि दर पाच मिनिटांनी विचारतायत लिहून झालं का. हे पत्र टपालात टाकत नाही, त्यांच्याकडेच देतो. दारात उभं राहून त्यांना काही बोलता यायचं नाही, तुला माहीत आहे. म्हणून पाकिटावरच मोठ्या अक्षरात लिहितोय: आधी त्यांना आत घे, मग वाच.

तुझाच,
निऱ्या